तिकडं किती वाजले?

मागच्या महिन्यात नांदेडला माझ्या भाच्याचं लग्न झालं. सगळ्यांनी काढलेले फोटो एका ठिकाणी जमा करून वेळेप्रमाणे लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात मास्तरीण मी एकटी. लावले बाई. तर काय, नवरीची पाठवणी आधी, हळद नंतर, आणि मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत व्याही जेवून हात धुतायत! बहिणीनं कपाळाला हात लावला. म्हणाली, "हे कुणीतरी मुद्दाम केलंय." मुद्दाम कसलं डोंबल. अमेरिकेहून आलेल्या तिच्या नणंदेच्या मोठ्या कॅमेऱ्यात अजून अमेरिकेचीच वेळ होती. पण बहिणीचं ते "मुद्दाम" ऐकलं आणि मला लातूरचे आमचे घरमालक आठवले. ते असते तर एव्हाना नणंदेची उलटतपासणी सुरू झाली असती.

त्यांना सगळे काकाच म्हणायचे. तेव्हा लातूरला बारावीच्या क्लासेसचं असं पेव फुटलं होतं की गल्लीगल्लीत घरावर मजले चढत होते आणि प्रत्येक मजल्यावर पोरं भरलेली. मी एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायला म्हणून लोह्याहून गेले आणि काकांच्या घरी वरच्या मजल्यावर खोली घेतली. शेजारच्या खोल्यांत मुली. काका कुणालाही नावानं हाक मारत नसत. नाव काय, कुणीही कुठलंही सांगेल, गाव मात्र लपत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं खालून आवाज यायचा, "ए जळकोट, नळ बंद कर! ए नायगाव, तुझी ओढणी पडली खाली!" मला मात्र मान होता. मी लोहा मॅडम.

काका होते निवृत्त शिक्षक. अंगानं काटकुळे, अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि गळ्यात कॅमेरा. कॅमेरा आंघोळीपुरता उतरायचा. दूधवाल्यानं दूध मापलं की त्याचा फोटो. पाण्याचा टँकर आला की फोटो, टाकी भरली की फोटो, टँकर गेला की मोकळ्या रस्त्याचासुद्धा फोटो. बाजारातून वांगी आणली तर पिशवीतनं ओट्यावर येईपर्यंत वांग्यांचे दोन फोटो निघायचे. एकदा मी विचारलं, "काका, वांग्यांवर कसला संशय?"

"वांग्यांवर न्हाई मॅडम," काका म्हणाले, "वांगेवालीवर. उद्या किडकी निघाली तर ती म्हणंल चार दिसांमागची हायत."

"मग तिला सांगा ना, कालच नेलीत म्हणून."

"तोंडी सांगून काय व्हतंय? तोंडाला तारीख नसते."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाडं दिलं, तोंडाला तारीख नसते. मावशी वारली म्हणून गावी चाललेय, तोंडाला तारीख नसते. एका मुलीनं ताप आला म्हणून सांगितलं तर काकांनी तिच्या तोंडातल्या थर्मामीटरचा फोटो काढला. मुली चिडायच्या, मागून नकला करायच्या, आणि मी शिक्षिका असूनही त्यांना सामील व्हायचे. कुणाला राग येणार नाही? दाराबाहेर वाळत घातलेल्या टॉवेलचासुद्धा जिथं पुरावा राहतो, तिथं माणूस जीव मुठीत धरूनच राहतो.

हे वेड कुठून आलं ते काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे काकांच्या बरोबर उलट. कुणावरही विश्वास, आणि डबा न आलेल्या मुलीला हमखास भाकरी. भूकंप झाला तेव्हा ही दोघं औशाकडच्या एका खेड्यात राहायची. त्यांचं घर पडलं नाही, पण भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा गेल्या. पाहणीला माणसं आली, भेगांत बोट घालून बघितलं आणि म्हणाली, या तर जुन्याच भेगा आहेत. काकांनी जीव तोडून सांगितलं. गावात मान असलेला शिक्षक, वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराला उठाबशा काढायला लावणारा, तो भेगांपाशी उभा राहून शपथा घेत होता. कुणी ऐकलं नाही. पुढं पाऊस लागला आणि तीच भिंत बसली. खाली म्हैस होती.

"त्या दिसापासनं हे असंच," काकू म्हणाल्या. "पहिली पेन्शन आली तर म्हणले, कोपऱ्यात तारीख छापणारा कॅमेरा आणतो. मी म्हणलं होतं म्हैस आणा."

लातूरचं घर त्यांनी बांधलं ते लोखंडानं ठासून. तरी प्लास्टरला बारीक चीर पडलीच, तर काका तिच्या शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहायचे आणि फोटो काढायचे. भिंतीला खिळा मारायला बंदी. मी माझं कॅलेंडर वर्षभर खुर्चीवर टेकवून ठेवलं.

नंतर डिजिटल कॅमेरा आला, पाठोपाठ कॉम्प्युटर आला, आणि आमचं मरण आलं. नेट कॅफेवाल्या कुणी शहाण्यानं काकांना शिकवलं की फोटोवर माउसचं उजवं बटण दाबलं की तो कधी काढला ते आतून कळतं. बस. त्या दिवसानंतर काकांनी फोटो बघणं सोडलं आणि फोटोची वेळ बघणं धरलं. खरंच सांगते, कुणी कौतुकानं बारशाचे फोटो दाखवायला आणले तर ते बाळाकडं ढुंकूनही बघत नसत. उजवं बटण, वेळ, आणि मग एक लांब "हूं". स्वतःच्या कॅमेऱ्याचं घड्याळ ते रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांच्या ठोक्याला लावायचे. कॅमेरा खोटं बोलत नाही यावर त्यांचा जितका विश्वास होता, तितका काकूंवरही नव्हता.

एकुलता एक मुलगा कॅलिफोर्नियात. सून हैदराबादची, नात तिकडंच जन्मलेली. मुलाला म्हणे रजाच मिळत नव्हती, त्यामुळं नात जन्मल्यापासून आजी-आजोबांनी तिला फोटोतच पाहिलेली. दर रविवारी सकाळी फोन वाजायचा आणि अख्ख्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात काकांचा पहिला प्रश्न, "तिकडं किती वाजले?"

हा प्रश्न दर रविवारी. खुशाली नंतर. उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक, हिवाळ्यात साडेतेरा, काकांना तोंडपाठ. मुलगा वेळ सांगायचा, काका मनात वजाबाकी करायचे, जमली की म्हणायचे, "बरोबर. आता बोल." मुली वरून कानात ओढणी कोंबून हसायच्या. स्वतःच्या मुलालाही पेपर सोडवायला लावणारा बाप आम्ही दुसरा पाहिला नाही.

एकदा तर कहरच झाला. संक्रांतीच्या सुमाराला मुलानं नातीचा फोटो पाठवला, सोबत लिहिलं होतं, आज दुपारी बाल्कनीत काढला. काकांनी सवयीनं उजवं बटण दाबलं. आतली वेळ रात्री दहाची! रविवारी फोनवर हजेरी सुरू. "तू दुपार म्हणून राहिलास, कॅमेरा रात्र म्हणून राहिला. खरं कोण?" मग काकांनी आम्हाला खिदळत सांगितलं, "बिघडलाय म्हणं त्याचा कॅमेरा. अमेरिकेत राहून घड्याळ धड ठेवता येईना!" त्या दिवशी काकू मात्र त्यांच्यावर भडकल्या. "पोराच्या मागं कशाला लागता खामखा?" असं म्हणून आत निघून गेल्या. काकूंना चिडलेलं मी तेवढंच पाहिलं.

आता जळकोटचं सांगते. मुलगी हुशार, पण पहिल्या वर्षी मेडिकल थोडक्यात हुकलं. दुसऱ्यांदा बसायला म्हणून वडलांनी नाखुशीनं पाठवलेली. वडील प्राथमिक शिक्षक, स्वभावानं गरीब, पण घरात चुलत्यांचं चालायचं आणि चुलत्यांनी एक स्थळ हेरून ठेवलं होतं. अट एकच. एक जरी तक्रार आली तर गाशा गुंडाळायचा आणि बोहल्यावर उभं राहायचं. ही अट आमच्या लातूरच्या घरातल्या सगळ्यांना माहीत होती, काकांनाही. ती पोर अभ्यासाला बसली की पुस्तकातनं मान वर करत नसे.

त्या हिवाळ्यात नायगावच्या मोठ्या बहिणीचा साखरपुडा नांदेडला होता. नायगावनं जळकोटला चल म्हणून फार गळ घातली. एक रविवार, पहाटेच्या गाडीनं जायचं, दिवे लागेपर्यंत परत. जळकोटनं काकांची रीतसर परवानगी काढली, दोघी गेल्या, वेळेत आल्या. सोमवारी काकूंनी हौसेनं फोटो मागितले. नायगावनं पेनड्राइव्ह दिला, काकांनी तो कॉम्प्युटरला लावला, आणि उजवं बटण दाबलं.

आम्हाला खालून हाक आली, "जळकोट! शनिवारी रात्री साडेआठला कुठं होतीस?"

"क्लासला, काका. शंकांचा तास होता. नऊला आले की मी, तुम्हीच दार उघडलं."

"मग हे काय?"

पडद्यावर फोटो होता. जळकोट नवीन पंजाबी ड्रेसमध्ये, हातात पेढ्यांचं ताट, शेजारी नायगावचा भाऊ दात काढून हसतोय. आणि आतली वेळ शनिवारची, रात्री साडेआठची.

काकांनी धडाधड गणित मांडलं. शनिवारी साडेआठला फोटो आणि नऊला घरी, म्हणजे हे नांदेड नव्हेच, हे लातुरातलंच कुठलं तरी घर. म्हणजे शंकांचा तास खोटा. म्हणजे साखरपुडा शनिवारीच उरकला. मग रविवारी अख्खा दिवस या दोघी होत्या कुठं? आणि हा पोरगा कोण? नायगाव रडकुंडीला येऊन सांगत होती, माझा सख्खा भाऊ आहे हो. "तू तर सांगणारच. तोंडाला तारीख नसते." नायगावच्या घरी फोन लावू म्हटलं, तर काका म्हणाले, घरचेही सांगणारच.

खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात पाल चुकचुकली. शनिवारी तिला यायला उशीर झाला होता हे खरंच होतं. मी तिच्याकडं बघितलं आणि तिनं माझ्या डोळ्यांतली शंका ओळखली. ती वर जाऊन बॅग भरायला लागली. मागून गेले तर म्हणाली, "मॅडम, बाबांना बोलावलंय काकांनी. आता काही खरं नाही." दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. मुली एकमेकींच्या खोलीत जायच्या बंद झाल्या. नायगावला जेवण जाईना. मला काकांचा असा संताप आला होता की वाटलं, त्यांचा तो कॅमेरा उचलून हौदात टाकावा.

बुधवारी दुपारी जळकोटचे वडील आले. पांढरा सदरा, मांडीवर पिशवी. खुर्चीच्या टोकाला बसले आणि काकांना म्हणाले, "सर, तुम्ही सांगाल ते खरं. तुम्ही खोटं कशाला बोलाल?" काकांनी त्यांना कॉम्प्युटरपुढं बसवलं. पोर दारापाशी उभी, बॅग पायाशी. बापानं फोटो बघितला, वेळ बघितली, आणि मान खाली घातली. "चल," एवढंच म्हणाले. ती पोर ओरडली नाही, रडली नाही, वाकून बॅगेचा बंद उचलायला लागली. ते मला बघवेना. मी तिथंच उभी होते, तोवर मीही त्या फोटोतली वेळच बघत होते. चिडले म्हणून मी पहिल्यांदा फोटो बघितला.

"थांबा!" मी म्हणाले. "काका, हे मागचं दार बघा."

"वेळ बघितली की मी."

"वेळ सोडा हो! एकदा तरी फोटो बघा!"

फोटोत मागं अंगणाचं दार उघडं होतं. दाराबाहेर पाहुण्यांच्या चपलांचा ढीग, आणि ढिगावर लख्ख ऊन. चपलांची सावलीसुद्धा दिसत होती.

"रात्री साडेआठला ऊन कुठनं आलं, काका?"

काका पडद्याला नाक लावून बसले. "ट्यूबलाइट असंल," पुटपुटले, पण आवाजात जोर नव्हता. मी नायगावला हाक मारली. "कॅमेरा कुणाचा गं?" ती म्हणाली, "मामाचा. साखरपुड्यासाठी आला होता ना तो."

"कुठनं?"

"कॅलिफोर्नियाहून."

मी काकांकडं वळले. मला हसू यायला लागलं होतं आणि रडूही. "काका, दर रविवारी तुम्ही मुलाला काय विचारता? त्या मामानं इकडं येताना घड्याळ बदललंच नाही. तो कॅमेरा अजून तिकडची वेळ सांगतोय. घाला साडेतेरा तास."

काकांची बोटं हलायला लागली. शनिवार रात्रीचे साडेआठ, त्यात साडेतेरा. "रविवार," ते म्हणाले. मग मोठ्यानं, "रविवार, सकाळचे धा!" पहाटेच्या गाडीनं नांदेडला पोचून, नटून, पेढ्यांचं ताट हातात घ्यायला बरोबर दहा.

एक मात्र मानलं पाहिजे. पुरावा दिसला की हा माणूस हुज्जत घालत नसे. काका उठले, जळकोटच्या वडलांपुढं हात जोडले आणि म्हणाले, "गुरुजी, चूक माझी. पोरगी खरी हाय. बिलकुल खरी हाय." मग पोरीच्या पायाशी असलेली बॅग स्वतः उचलून जिन्याच्या पहिल्या पायरीवर नेऊन ठेवली. वडलांनी पिशवीतनं रुमाल काढला आणि तोंड पुसण्याच्या निमित्तानं डोळे पुसले. ती पोर तेव्हा मात्र घळाघळा रडली. काकू आत चहा टाकायला गेल्या.

इथंच थांबायला हवं होतं. पण काकांना नवं खेळणं सापडलं होतं. लहान पोरासारखे खूश झाले होते ते. "कॅमेरा देश बदलतो, घड्याळ बदलत न्हाई! लई भारी हाय हे," असं म्हणत पुन्हा खुर्चीत बसले. "थांबा गुरुजी, तुमाला एक गंमत दाखवतो. माझ्या पोराचा पण एक असाच फोटो हाय. आमी समजलो कॅमेरा बिघडला. आता त्याचं बी कोडं सोडवतो बघा."

त्यांनी नातीचा तो संक्रांतीचा फोटो उघडला. उजवं बटण. "हे बघा. पोरगा म्हणतो दुपार, कॅमेरा म्हणतो रात्रीचे धा. आणि फोटोत..." इथं त्यांनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदा तो फोटो नीट बघितला. बाल्कनी, नात, नातीच्या गालावर ऊन. "फोटोत ऊन. म्हणजे घाला साडेतेरा. म्हणजे दुसऱ्या दिवशी साडेअकरा. म्हणजे फोटो काढला तो..."

ते थांबले.

मी त्यांच्या मागंच उभी होते. नातीच्या पाठीमागं समोरच्या इमारतीची गच्ची दिसत होती. गच्चीवर वाळत घातलेली एक साडी आणि पाण्याची काळी टाकी. तसल्या टाक्या आमच्या गल्लीत प्रत्येक घरावर आहेत. सुनेचं माहेर हैदराबाद, हैदराबादहून लातूर रात्रभराच्या रेल्वेवर. काकांचं बोट पडद्यावर त्या टाकीपाशी टेकलेलं होतं आणि ते तिथंच राहिलं.

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी पडद्याकडं बघितलं, मग काकांकडं. त्या दिवशी त्या का भडकल्या होत्या ते मला तेव्हा कळलं. "बंद करा ते आता," त्या हळूच म्हणाल्या, "चहा गार होतोय."

जळकोटच्या वडलांना काहीच कळलं नव्हतं. ते बिचारे कौतुकानं विचारत होते, "मग सर? सुटलं का कोडं?"

काकांनी फोटो बंद केला. मग कॉम्प्युटर बंद केला, मग भिंतीवरचं बटणही. "न्हाई गुरुजी," ते म्हणाले, "ह्याचा कॅमेरा खरंच बिघडलेला हाय. तो मला तवाच म्हणला होता."

"तो म्हणला होता." पुरावा नाही, तारीख नाही, नुसतं तोंडी. आणि काकांनी ते धरून ठेवलं. मला त्यांचा इतका राग आलेला होता दोन दिवस, तो कुठल्या कुठे गेला. वाटलं, ते चपलांवरचं ऊन मी दाखवलंच नसतं तर. पण मग पोरीचं काय झालं असतं?

जळकोटला त्या वर्षी मेडिकलला प्रवेश मिळाला. जाताना ती काकांच्या पाया पडली, तर काकांनी खिशातनं शंभराची नोट काढून तिच्या हातात ठेवली आणि त्याचा फोटो काढला नाही. कॅमेरा तेव्हा गळ्यात नव्हताच. खुंटीला असायचा. दूधवाला बिनधास्त पाणी घालायला लागला.

त्या बुधवारनंतरचा रविवार मला लख्ख आठवतो. सकाळी फोन वाजला. मुली नेहमीसारख्या जिन्यात येऊन बसल्या, ओढण्या तोंडात धरून, काका आता ओरडतील म्हणून. काकांनी फोन उचलला आणि बराच वेळ नुसतं ऐकलं. मग म्हणाले, "पोरगी बरी हाय ना? मोठी झाली असंल आता." आणि फोन काकूंच्या हातात दिला.

मी पुढं दीड वर्ष त्या घरात राहिले. तिकडं किती वाजले, हे काकांनी परत कधी विचारलं नाही.